खळीचे कान, माझे हात

३ फेब्रुवारी, मंगळवार

हात दुखतायत. मनगटापासून कोपरापर्यंत नुसता ठणका. पेन धरवत नाही तरी लिहितेय, कारण आज दिवसभर मी बोलले ते सगळं दुसऱ्यांचं — माझं स्वतःचं एक वाक्य नाही!

रात्री जेवायला आई-बाबांकडे. जेवण राहिलं बाजूला. बाबा टेबलाच्या एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला आणि मधे मी. बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही, आईलाही नाही. मला येतं. नवऱ्याला खुणांची भाषा येत नाही — लग्नाला सहा वर्षं झाली, पण 'ये', 'जेव', 'छान' यापुढे गाडी सरकली नाही. म्हणजे सासऱ्या-जावयाला भांडायचं असलं तरी ते माझ्या हातातोंडातूनच भांडावं लागतं. ताटातलं सगळं गार झालं.

विषय तोच. आमच्या लेकीचे, खळीचे कान. डॉक्टरांनी सांगितलंय — दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच नाही, साध्या मशीनने भागणार नाही, ऑपरेशन करून कानात इम्प्लांट बसवा, आणि करायचं तर आत्ताच. दीड वर्षाची आहे. जितका उशीर, तितका मेंदू आवाजाला परका होतो म्हणे.

बाबा म्हणाले (हात टेबलावर आपटत), "माझ्या धडधाकट नातीच्या डोक्याला भोक पाडणारा हा कोण?"

मी नवऱ्याला सांगितलं, "बाबा म्हणतात, एवढी घाई नको."

नवरा म्हणाला, "त्यांना काय कळणार? त्यांनी काय गमावलंय हेच त्यांना माहीत नाही."

मी बाबांना सांगितलं, "तो म्हणतो, तुमचं म्हणणंही त्याला समजतंय."

दोघांनी माना डोलावल्या. मग आईने फळं आणली.

४ फेब्रुवारी

दुकानात एक गृहस्थ तोच चष्मा घेऊन चौथ्यांदा आले. नाकावर रुततो म्हणे. नाकावरचे पॅड बदलले, दांड्या गरम करून वाकवल्या, तरी रुततोच. शेवटी म्हणाले, "मला चष्माच नकोय हो, डोळे पूर्वीसारखे हवेत." मी म्हटलं, ते दुकानात मिळत नाहीत. हसले बिचारे आणि गेले.

७ फेब्रुवारी, शनिवार

झोप येत नव्हती म्हणून आठवत बसले, ही सवय मला लागली कधी?

चार-पाच वर्षांची असेन. शेजारची बाई बाबांना तोंडावर 'ए मुक्या' म्हणायची. बाबा मला विचारायचे, काय म्हणाली? मी सांगायचे, 'बरं आहे ना, असं विचारतेय.' बाबा खूश होऊन तिला हात करायचे. ती बाईसुद्धा मग हळूहळू निवळली, एकदा तर तिने पेरू दिले. तेव्हाच मला कळलं की मधल्या माणसाने धार जरा बोथट केली की जग बरं चालतं. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे, सगळीकडे हेच. त्यांची वाक्यं मी जरा पुसून, जरा फुंकर मारून पुढे देत आले. कुणाचं काही बिघडलं नाही.

पण हे खळीचं प्रकरण वेगळं आहे. आता इथे फुंकर मारून काय होणार? कळतंय मला. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, तेच.

खळी हे तिचं खुणेतलं नाव. बाबांनीच दिलं, बारा दिवसांची असताना. गालावर बोट टेकवून जरा फिरवायचं — झाली खळी. कागदावर तिचं दुसरंच मोठं नाव आहे, ते कुणी वापरत नाही. सासूबाईसुद्धा वैतागून का होईना पण खळीच म्हणतात.

८ फेब्रुवारी

नवऱ्याच्या तोंडून आज खरं बाहेर पडलं. खळी अंगणातून माझ्याकडे बघून हातवारे करत होती — दिवा, दिवा, पुन्हा. रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट. मी उत्तर देत होते. तो दारात उभा. म्हणाला, "माझ्या मुलीशी मला बोलता येत नाही."

मी फटकन म्हणाले, मग शीक की!

तो आत निघून गेला. मी जरा जास्तच बोलले. पण चूक काय बोलले? हात सगळ्यांनाच आहेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज थेरपीवाल्या बाईंकडे. इम्प्लांट झाल्यावर दोन-तीन वर्षं त्याच खळीला ऐकायला आणि बोलायला शिकवणार. छोटीशी खोली, जमिनीवर सतरंजी, खोक्यात प्राणी. बाई स्वभावाने चांगल्या, पण दमलेल्या दिसल्या. दिवसाला दहा मुलं आणि दहा रडणाऱ्या आया.

त्यांनी नियम सांगितले. मुलीच्या शेजारी बसायचं, समोर नाही. बोलताना तोंडापुढे हात धरायचा, म्हणजे ती ओठ वाचत बसणार नाही. आणि खुणा बंद! "डोळ्यांना सोपी वाट मिळाली की कान आळस करतो," म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या घरी खुणांशिवाय कसं होणार, माझे आई-वडील... त्या म्हणाल्या, "आजी-आजोबांनी थोडी वर्षं कळ काढावी."

थोडी वर्षं कळ काढावी! साठ वर्षं काढलीच आहे की.

"सवय म्हणून आत्तापासून हात मांडीखाली घेऊन बसा बरं," म्हणाल्या. बसले. खळीने मूठ उघडली-मिटली — दूध. मी हातांवर बसलेली. तिने पुन्हा केलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा, सावकाश, जणू मीच खुणा विसरलेय आणि ती मला शिकवतेय. मी हात काढले आणि दूध दिलं. बाईंनी बघितलं.

निघताना बोळात एक चार वर्षांचा मुलगा, डोक्याला इम्प्लांटचं ते गोल यंत्र चिकटवलेलं. आई पाठमोरी, चपला घालत होती. मुलगा लांबून ओरडला, "आई, थांब गं!" आणि ती वळली. एवढंच. मला तिथेच रडू फुटलं. स्वतःचाच राग आला. बसमध्ये खळीला घट्ट धरून बसले.

बाबांना यातलं काय सांगितलं? 'खोली छान आहे, खेळणी भरपूर आहेत.'

१५ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई आल्यात. आल्या की दिवसातून एकदा तरी खळीच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवतात. नेमाने. आज सकाळी आनंदाने ओरडल्या, "अगं वळली! वळली बघ!"

खळी वळली होती, खरं आहे. सासूबाईंची सावली पुढच्या भिंतीवर पडली होती म्हणून. मी सांगितलं नाही. त्या दिवसभर गुणगुणत होत्या.

संध्याकाळी चहा घेताना म्हणाल्या, "तू चष्मे विकतेस. कुणाला कमी दिसलं तर तू म्हणतेस का, राहू दे, आंधळेपणाचीही एक मजा असते म्हणून?" मी म्हटलं, चष्म्यासाठी मी कुणाचं डोकं उघडत नाही. "बाई गं, तुझ्याशी बोलायची सोय नाही," म्हणाल्या आणि बिस्कीट बुडवलं. ते तुटून कपात पडलं, मग दोघी हसलो.

वाईट नाहीत त्या. त्यांना फक्त नातीला हाक मारायची आहे. आणि मारली की नातीने वळायला हवंय.

१६ फेब्रुवारी

बाबांनी आज शाळेचं पुन्हा सांगितलं. मला पाठ आहे, तरी बघत बसले. त्यांच्या शाळेत खुणांना बंदी. हात हलले की पट्टी. सात वर्षं 'प' आणि 'ब' म्हणायला शिकवलं, हनुवटीखाली बोटं रोवून. 'प' आला नाही. भाषा कुठे आली, तर संडासाच्या मागे, मोठ्या मुलांकडून चोरून. "मला जे काही येतं ते सगळं मी त्या भिंतीमागे शिकलो," म्हणाले. मग बाइंडिंगचं काम मिळालं. छापखान्यातल्या यंत्रांच्या धडधडाटाने बाकीची माणसं वैतागायची, बाबांना काय फरक! मालक खूश. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, आणि आता बहिऱ्यांच्या क्लबातलं कॅरम.

"खळी आत्ताच बोलते," बाबा म्हणाले. "दीड वर्षाची पोर. दूध सांगते, दिवा सांगते, आजोबांना चिडवते. तिला भाषा आहे. ती हिसकावून ते तिला 'प' शिकवणार."

आई शेजारी खळीचा झगा शिवत होती. बाबा आईकडे हात करून म्हणाले, "आम्हा दोघांना विचार, आमचं काय अडलं?" आईने मान वर करून बघितलं आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली. आई पहिल्यापासून कमीच बोलते. हात कायम कामात, बोलणार कशाने?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांकडे सगळे एकत्र. माझीच कल्पना! हात दाखवून अवलक्षण.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून. आईनेही येते म्हटलं, चांगले कपडे काढले. मला वाटलं, बाबांना सोबत म्हणून.

डॉक्टर सरळ माणूस आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाबांनी काही विचारलं की उत्तर माझ्याकडे बघून देतो. बाबा तिथेच बसलेत, दोन हातांवर! मी डोळ्यांनी दोनदा खुणावलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं.

बाबांचा पहिला प्रश्न — ऑपरेशननंतर ती ऐकणारी होईल का? डॉक्टर म्हणाले, "नाही. ती बहिरीच राहील. मशीन लावलं की ऐकेल, काढलं की नाही. आणि ते ऐकणं तुमच्या-माझ्यासारखं नसतं, मेंदूला शिकावं लागतं. काही मुलं फार छान बोलतात. काही नाही बोलत. आधी सांगता येत नाही." हे सगळं मी जसंच्या तसं सांगितलं. बाबांना डॉक्टर आवडले असावेत, कारण पुढचा प्रश्न विचारताना पुढे झुकले. तुमचं मूल असतं तर? डॉक्टर म्हणाले, "याच महिन्यात केलं असतं."

हे सांगताना मी 'याच महिन्यात' खाल्लं.

मग नवऱ्याने खुणांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत, आमच्या बाई कडक आहेत, काही ठिकाणी दोन्ही चालू ठेवतात. मग सहज म्हणाले, आई-बाबांकडे हात करून, "यांच्या वयाला मात्र काही उपयोग नाही. जन्मापासून आवाजच नसेल तर मेंदूतली ती खोली कधीच दुसऱ्या कामाला लागलेली असते. आवाज आला तरी नुसता त्रास." बाबांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, वयाप्रमाणे फरक पडतो म्हणतात. कशाला सांगायचं? विचारलं कुणी होतं?

टेबलावर प्लास्टिकचा मोठा कान होता, उघडणारा. आत गोगलगायीच्या शंखासारखं. आईने तो उचलला, उघडला, तारेचा तुकडा कुठून कुठे जातो ते बोटाने बघितलं आणि परत नीट मिटून ठेवला. बाबा म्हणाले, खेळणं नाहीये ते.

१७ मार्चची तारीख मोकळी आहे. नऊ तारखेपर्यंत पक्कं कळवा, नाहीतर पुढचं पाच महिन्यांनी. पैशांचं जमतंय, घोडं तिथे अडलेलं नाही.

रिक्षात बाबांनी विचारलं, तारीख दिली का? मी म्हटलं, अजून ठरायचंय. घरी नवऱ्याने विचारलं, बाबा काय म्हणतात? मी म्हटलं, नाही म्हणाले नाहीत.

दोन्ही वाक्यं खोटी नाहीत. नरो वा कुंजरो वा!

२० फेब्रुवारी

डोकं दुखतंय. दुकानात एका बाईच्या दोन्ही काचांची मापं उलटसुलट लिहिली. कारागिराने वेळेवर पकडलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

भयंकर झालंय.

बाबांना आणायला क्लबात गेले होते. आठ-दहा जण कॅरमभोवती. मला बघून सगळ्यांनी हात हलवले — आमच्याकडच्या टाळ्या. मला कळेना. बाबांचा मित्र, ज्याला सगळे मिशी म्हणतात, त्याने पाठ थोपटली. जावई शहाणा निघाला म्हणे! मुलगी मोठी झाली की स्वतः ठरवेल, तोवर थांबायला तयार झाला म्हणे!

बाबांनी सगळ्यांना हेच सांगितलंय. त्यांनी काय खोटं सांगितलं? माझ्याकडून तीन आठवडे जे मिळालं, त्याची बेरीज तीच होते.

मी हसले. काय करणार, दहा माणसं हात हलवतायत.

घरी आले तर नवरा फोनवर सासूबाईंना सांगतोय, "हो गं, बाबासुद्धा तयार आहेत. आधी अडून होते, पण आता मऊ झालेत. मोठ्या मनाचा माणूस आहे." आणि मग मला म्हणाला, तुझ्यामुळे झालं हे.

माझ्यामुळे. अगदी बरोबर.

दोघेही खूश आहेत. दोघेही एकमेकांचं कौतुक करतायत. असं कधी झालं नव्हतं! आणि मी मूग गिळून बसलेय. उद्या सांगते. उद्या नक्की.

२८ फेब्रुवारी

नाही सांगितलं. खळीला ताप होता.

१ मार्च, रविवार

खळीला बरं आहे. माझं संपलं.

दुपारी आई-बाबांकडे. चहा झाला. नवरा उठला आणि बाबांच्या समोर जाऊन उभा राहिला. हात पुसले पँटला, परीक्षेला उभा राहिल्यासारखा. आणि त्याने खुणांत बोलायला सुरुवात केली!

मी बघतच राहिले. चोरून शिकत होता. फोनवर व्हिडिओ बघून, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. हात ताठ, बोटं चुकतायत, एका जागी 'आभार' ऐवजी भलतंच झालं. पण बाबांना सगळं कळत होतं. बाबांचे डोळे भरले. तो म्हणत होता — बाबा. तुमचे. आभार. माझी मुलगी. तुमची नात. तुम्ही. हो म्हणालात.

बाबांनी भुवया उंचावल्या. म्हणजे, काय?

त्याला वाटलं आपलीच खूण चुकली. म्हणून त्याने सोपं केलं. हॉस्पिटल. कानामागे बोट. आणि मग बोटांवर — दहा. सात.

बोटांवरचे आकडे कोण चुकीचे वाचणार!

बाबा माझ्याकडे वळले. "तू त्याला काय सांगितलंस?" नवरा तोंडाने विचारतोय, "काय म्हणतायत? काय चुकलं माझं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे हात हलले नाहीत आणि तोंडही उघडलं नाही. कुणाचं काय कुणाला सांगू?

बाबांनी पुन्हा विचारलं, "मला काय सांगितलंस?"

मी म्हटलं, बाबा, ऐका—

बाबांनी डोळे मिटून घेतले. आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नाही. मिटलेल्या डोळ्यांपुढे मी काय बोलणार? गुडघ्यावर हात ठेवला, त्यांनी तो बाजूला केला, डोळे न उघडता. आई दारात उभी होती, खळी कडेवर. 

येताना नवरा गाडी चालवत होता. त्याची बोटं स्टिअरिंगवर होती आणि मला सारखं ते दहा-सात दिसत होतं. एवढ्या प्रेमाने शिकलेलं.

२ मार्च

सकाळी त्याने विचारलं, "तू त्यांच्या बाजूची की माझ्या?"

मी म्हटलं, मला कुणी विचारलंय का आजपर्यंत? बाबा म्हणतात सांग त्याला, तू म्हणतोस सांग त्यांना. मी काय नळ आहे? इकडून आत, तिकडून बाहेर!

"बरं," म्हणाला. "आता विचारतो. तुला काय हवंय?"

 सहा महिने घसा फोडून भांडायची वाट बघत होते, आणि तोंडात शब्द नाही. तो डबा हातात घेऊन थांबला. मग ऑफिसला गेला.

इथे तरी खरं लिहिते, इथे कोण बघतंय. मला दमायला झालंय. मला माझ्या मुलीची दुभाषी व्हायचं नाहीये. शाळेत, दवाखान्यात, तिच्या नोकरीच्या ठिकाणी, तिच्या लग्नात — जन्मभर तिच्या आणि जगाच्या मधे उभं राहायचं नाहीये मला. एकदा केलंय, पुरे झालं. हे एखादी आई म्हणते का? मी म्हणतेय. म्हणून इम्प्लांट हवंय असं वाटतं, आणि हे कारण मनात आलं की लाज वाटते, कारण यात खळी कुठेच नाही, मीच आहे.

आणि नको वाटतं तेही माझ्यासाठीच. ती माझ्याशी आत्ता हातांनी बोलते. ती माझी भाषा आहे. मी पहिला शब्द हातानेच बोलले होते. ते हात एकदा गप्प झाले तर माझ्याशी त्या भाषेत बोलणारं या दोन म्हाताऱ्यांनंतर कुणी उरणार नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हीकडे मीच ढकलणार.

६ मार्च, शुक्रवार

बाबा दुकानात आले. एकटे, दोन बस बदलून. गिऱ्हाइकं होती, तर खुर्चीत बसून राहिले. गर्दी ओसरल्यावर मी समोर बसले, मधे मापं घ्यायचं टेबल.

"आता सगळं सांग," म्हणाले. "तो जे बोलला ते. डॉक्टर बोलला ते. त्या बाई बोलल्या ते. जसं बोलले तसं."

सांगितलं. काही खाल्लं नाही, काही पुसलं नाही. 'त्यांनी काय गमावलंय हेच त्यांना माहीत नाही' — तेही. 'याच महिन्यात' — तेही. थोडी वर्षं कळ काढावी, वयाला उपयोग नाही, आवाज आला तरी नुसता त्रास, सगळं.  एक गिऱ्हाईक दारातून आत आलं, आमच्याकडे बघून परत गेलं.

बाबा शेवटपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "हे आधीच सांगायचं. मी काय काचेचा आहे?"

मी रडले. त्यांनी टेबलावरचं चष्मे पुसायचं फडकं दिलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुणालाही सांगायचं नाहीये, म्हणून इथे. म्हणाले, "मला कानाची भीती नाही. ती तुमच्यात जाईल याची भीती आहे. तू गेलीस."

तुमच्यात! मी एवढी वर्षं समजत होते की मी यांच्यातली. जन्मापासून यांच्यासाठी बोलतेय, आणि बाबांच्या लेखी मी पलीकडची. म्हटलं, मी कुठे गेले हो? म्हणाले, "वाईट अर्थाने नाही. पाखरू उडणारच. पण ही एक राहिली असती."

उठताना म्हणाले, त्यांचं उत्तर अजूनही नाहीच आहे. पण मुलगी आमची आहे, ते आडवे येणार नाहीत. क्लबात ते स्वतः सांगतील. आणि जावयाला म्हणावं, आभाराची खूण हनुवटीपासून सुरू होते, छातीपासून नाही.

८ मार्च, रविवार

उद्या नऊ.

नवऱ्याला खुणेचं सांगितलं. त्याने आरशात दहा वेळा केली. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं. तुला थांबायचं असेल तर थांबू. मी भांडणार नाही."

हे त्याहून वाईट! आधी दोघं ओढत होते तर निदान उभी तरी होते. आता दोघांनी दोर सोडलेत. बाबा म्हणतात तुमची मुलगी, हा म्हणतो तुझी इच्छा. खळी पलंगावर पाय वर करून झोपलीय, तिला विचारता येत नाही. पंधरा वर्षांनी ती विचारेल — का केलंत? किंवा, का नाही केलंत? यातला एक प्रश्न येणारच. कोणता बरा, तेवढंच ठरवायचंय. नाही ठरत.

पुढचं पाच महिन्यांनी. पाच महिने थांबलं तर काय होईल? काहीच नाही, किंवा सगळंच. सकाळी फोन करून नको म्हणून सांगते. निदान पाच महिने झोप तरी लागेल.

९ मार्च, सोमवार

खळीला सोडायला आई-बाबांकडे गेले. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मला बघून तिने नळ बंद केला, हात पुसले, वाकून गॅलरीकडे नजर टाकली — बाबा बघत नाहीत ना. मग छातीशी, अगदी बारीक खुणांनी विचारलं, "माझ्या कानात बसवतील का?"

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. तिने पुन्हा विचारलं. म्हणाली, लहान होते तेव्हापासून ऐकायचं होतं. यांना आवडणार नाही म्हणून कधी बोलले नाही. तूही कधी विचारलं नाहीस.

मी तिला खरं ते सांगितलं. आता उपयोग नाही आई. फार उशीर झालाय.

तिने मान हलवली. घासलेलं पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, "तिचं करा."

तिच्या शेजारी उभं राहूनच मी हॉस्पिटलला फोन लावला.